एससी ६७ ताफ्यातली 'स्पाइकनार्ड' : रक्षक जहाज बुडालं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणालाच पत्ता नाही, हे कसं?

उत्तरवारा (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या अटलांटिकच्या लढाईत फ्लॉवर वर्गाच्या बऱ्याच कॉर्व्हेट (व्यापारी जहाजांच्या ताफ्यांना पाणबुड्यांपासून राखणाऱ्या छोट्या युद्धनौका) बुडाल्या. त्यातली कॅनडाची 'स्पाइकनार्ड' (के १९८) मला नेहमी कोड्यात टाकते. ठळक गोष्टी अशा:

क्विबेकजवळच्या लोझॉनमधली डेव्ही गोदी. डिसेंबर १९४० मध्ये जहाज सेवेत दाखल. ब्रिटिश नौदलाने कॅनडात ज्या दहा कॉर्व्हेट बांधून घेतल्या त्यांतली ही एक, म्हणून नाव फुलझाडाचं. कॅनडाच्या स्वतःच्या कॉर्व्हेटना गावांची नावं असत. फेब्रुवारी १९४२ मध्ये ही मंदगती एससी ६७ ताफ्याच्या रक्षणाला होती, आणि रक्षक गटाचा प्रमुख लेफ्टनंट कमांडर ह्यूबर्ट शॅडफर्थ याच जहाजावर होता. १० फेब्रुवारीच्या रात्री आइसलँडच्या दक्षिणेला यू-१३६ या जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला. पाच मिनिटांच्या आत जहाज तळाला गेलं. ५७ जण गेले, ८ वाचले. (जर्मन पाणबुड्यांची घड्याळं मध्य युरोपच्या वेळेवर चालत, म्हणून काही याद्यांत ११ तारीख दिसते. घटना एकच आहे.)

प्रश्न असा. गटप्रमुखाचंच जहाज गेलं आणि बाकीच्या रक्षक जहाजांना ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शोध घेतला तेव्हा ब्रिटिश कॉर्व्हेट 'जेन्शियन'ला एका तराफ्यावर आठ जण सापडले. आजूबाजूला अर्धा डझन युद्धनौका, तीसेक व्यापारी जहाजं असतील, आणि ६२ मीटर लांबीचं जहाज नाहीसं झालेलं कुणाच्या ध्यानात येत नाही? 'गलथानपणा' हे उत्तर नको. यंत्रणा नेमकी कुठे कमी पडली ते जाणकारांनी सांगावं.

---

आडबंदर

गलथानपणा नव्हताच. त्या रात्री 'स्पाइकनार्ड' गेल्याची जी जी खूण मिळाली असती, तिला दुसरं सरळ आणि पटण्याजोगं कारण आधीच हजर होतं. एकेक खूण घेऊ.

पहिली खूण स्फोटाची. जवळपास त्याच वेळी यू-५९१ ने ताफ्यातलं 'हायना' हे नॉर्वेचं मालवाहू जहाज टिपलं. दोन धमाके पाठोपाठ. पाण्याखालचा धमाका जहाजाच्या पत्र्यातून ऐकू येतो. तो कानावर पडतो तेव्हा दिशा कळत नाही, अंतर तर नाहीच. सगळ्यांनी 'हायना' बुडताना पाहिलं आणि दोन्ही धमाके तिच्या खाती टाकले. एखाद्या जहाजाला दोन टॉर्पेडो लागणं हे रोजचंच होतं.

दुसरी खूण बिनतारीची. मारा पुढच्या भागात बसला, ब्रिज (जहाज हाकण्याची जागा) आणि बिनतारी खोली एका फटक्यात निकामी. संकटसंदेश जाण्याची सोयच राहिली नाही. आता इतरांच्या बाजूने बघा. ताफ्यात बिनतारी मौन असे. जहाजांची आपसातली बोलणी शक्यतो दिव्याच्या खुणांनी. लांब पल्ल्याचं बिनतारी प्रसारण शत्रू दिशाशोधकाने पकडतो, त्यामुळे 'तू आहेस ना?' असं दर तासाला विचारण्याची पद्धत नव्हती. १९४२ च्या सुरुवातीला छोट्या पल्ल्याचे टीबीएस रेडिओटेलिफोन कॅनडाच्या कॉर्व्हेटवर सर्रास आलेले नव्हते. गटप्रमुख गप्प आहे म्हणजे तो नियम पाळतोय, किंवा पाणबुडीमागे गेलाय, असाच अर्थ कोणीही लावला असता.

तिसरी खूण नजरेची. इथे आकडे मांडून बघितल्याशिवाय अंदाज येत नाही, म्हणून एक नमुन्याचा ताफा घेऊ (एससी ६७ ची ही नेमकी रचना नाही). आठ रांगा, दोन रांगांत १००० यार्ड अंतर, म्हणजे रुंदी ७००० यार्ड. मागे-पुढे लांबी २००० यार्ड धरा. रक्षक जहाजं बाहेरून ४००० यार्डांवर. या कड्याचा घेर येतो सुमारे ४३,००० यार्ड, म्हणजे २१ सागरी मैलांहून जास्त. सहा जहाजं समान वाटली तर दोघांत साडेतीन मैलांचं अंतर. फेब्रुवारीची रात्र, अटलांटिकची लाट, दिवे बंद, आणि ही सगळी जहाजं नागमोडी चालतायत. शेजारी दिसणं हाच अपवाद. आस्डिकचा (पाण्याखाली आवाजाने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, म्हणजे सोनारचा) भरवशाचा पल्ला १५०० यार्डांच्या आसपास धरला तरी प्रत्येक जहाज आपल्या दोन्ही बाजूंना मिळून ३००० यार्डच झाकतं. निम्म्याहून जास्त कडं उघडंच. त्यातून पाणबुडी रात्री पाण्यावरूनच यायची, आणि पाण्यावरच्या पाणबुडीला आस्डिक कुचकामी.

मग रडार? बहुतेक कॅनेडियन कॉर्व्हेटवर तेव्हा एसडब्ल्यू१सी हा देशी संच होता, दीड मीटर तरंगलांबीचा. १० सेंटिमीटरचा ब्रिटिश २७१ संच पाणबुडीचा मनोराही पकडायचा. दीड मीटरवाला संच खवळलेल्या समुद्रात लाटांच्या परताव्यातच हरवायचा. त्याच्यावर शेजारच्या कॉर्व्हेटचा ठिपका काही मिनिटं दिसला नाही तर चालक संचालाच दोष देणार.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत घातक. हरवलेलं जहाज प्रमुखाचं होतं. एखादं साधं जहाज गायब झालं तर प्रमुख कधी ना कधी त्याला काही आज्ञा देतो, उत्तर येत नाही, शंका येते. इथे आज्ञा देणाराच गेला. प्रमुखाकडून आज्ञा आली नाही म्हणजे 'आहे ते चालू ठेवा' हा नौदलाचा साधा नियम. बाकीच्यांनी तो पाळला.

दुसऱ्या दिवशी ब्रिटिश गटाशी गाठ पडायची होती. ताफा त्यांच्या हवाली करायची वेळ आली तेव्हा प्रमुखाला हाक मारणं भाग होतं. तेव्हाच जागा रिकामी आहे हे उघड झालं.

---

तेलवाला_सारंग

आडबंदर यांनी वरची बाजू छान सोडवलीय. पाच मिनिटांत जहाज का गेलं, ते खालच्या बाजूने सांगतो. कारण ते अर्धा तास जरी तरंगलं असतं तरी कोणीतरी एखादी प्रकाशनळी उडवली असती आणि हा धागाच निघाला नसता.

फ्लॉवर वर्गाचा आराखडा स्मिथ्स डॉकच्या विल्यम रीडचा, 'सदर्न प्राइड' या देवमासे मारणाऱ्या जहाजावरून बेतलेला. हेतू असा की युद्धनौका कधी न बांधलेल्या छोट्या गोद्यांनाही जमावं. म्हणून सांगाडा व्यापारी पद्धतीचा. लांबी २०५ फूट, रुंदी ३३, विस्थापन साधारण ९५० टन. दोन गोल स्कॉच बॉयलर, एक चार सिलिंडरचं ट्रिपल एक्स्पान्शन वाफेचं इंजिन, २७५० अश्वशक्ती, एकच पंखा, वेग १६ नॉट. पाण्यावरची जर्मनांची सातव्या प्रकारची पाणबुडी १७ च्या पुढे जाते, म्हणजे पाठलागात कॉर्व्हेटच मागे पडणार.

व्यापारी सांगाड्याचा तोटा असा की आतले कप्पे कमी आणि मोठे. बॉयलर आणि इंजिनाच्या जागा म्हणजे मोठमोठ्या पोकळ्या. टॉर्पेडोच्या टोकात २८० किलो स्फोटक. विध्वंसिकेवरही त्याने भलं मोठं भगदाड पडतं, पण तिचे कप्पे बारीक असल्याने पाणी अडतं. ९५० टनांच्या जहाजाला तोच फटका बसला की भगदाडाच्या दोन्ही बाजूंच्या आडभिंती वाकतात, दारांच्या चौकटी पिळवटतात, आणि शेजारचा कप्पाही भरतो. दोन मोठे कप्पे भरले की तरंगायला काही उरत नाही.

मारा कुठे बसतो यावर मात्र सगळा खेळ. सप्टेंबर १९४१ मध्ये एससी ४४ ताफ्यात 'लेव्ही'ला यू-७४ चा टॉर्पेडो नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाला) लागला. पुढचा तुकडा तुटला, १८ जण गेले, पण बॉयलरपुढची भिंत टिकली आणि जहाज कित्येक तास तरंगलं. 'स्पाइकनार्ड'ला मार ब्रिजच्या आसपास बसला. 'रेजायना' (ऑगस्ट १९४४, कॉर्नवॉलजवळ) अर्ध्या मिनिटात गेली. त्याच महिन्यात 'अल्बर्नी'चंही तेच.

आता फोक्सल. सुरुवातीच्या कॉर्व्हेटचा नाळेकडचा उंच डेक, म्हणजेच फोक्सल, ब्रिजच्या पुढेच संपायचा. त्याच्या आणि ब्रिजच्या मध्ये एक उघडी खोलगट जागा. खलाशांच्या राहायच्या खोल्या पुढे, भटारखाना मागे. जेवणाची भांडी घेऊन त्या उघड्या डेकवरून जायचं, आणि लाट आली की जेवण समुद्रार्पण. हे सगळे सांगतात. पण बुडताना त्याचा परिणाम काय, हे कमी सांगितलं जातं. पाळीवर नसलेली निम्मी माणसं त्या पुढच्या खोल्यांत असतात. वर यायचा जिना त्या खोलगट जागेत निघतो. मार ब्रिजच्या पुढे बसला, आग लागली किंवा डेक फाटला, की पुढची माणसं आणि मागचे तराफे यांच्यामध्ये आग आणि पाणी. पुढे फोक्सल ब्रिजच्या मागेपर्यंत लांबवला तेव्हा राहायला कोरडी जागा मिळालीच, शिवाय आतून मागे जायची वाटही मिळाली. 'स्पाइकनार्ड' आखूड फोक्सलसकट बुडाली.

---

उत्तरवारा

दोघांचेही आभार. प्रमुखाच्या मौनाचा मुद्दा मला सुचलाच नव्हता.

पुढचा प्रश्न. बुडणाऱ्या कॉर्व्हेटचे स्वतःचेच डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे, ठरावीक खोलीवर फुटणारे स्फोटकांचे डबे) फुटून पाण्यातले लोक मेल्याचं 'शार्लटटाउन'बद्दल वाचलंय. डेप्थ चार्ज 'सेफ' करायला, म्हणजे फुटणार नाही असा करायला, वेळ किती लागतो? आणि आधीपासूनच सेफ का ठेवत नाहीत?

---

सुरुंगपेटी

डेप्थ चार्ज माझा विषय, म्हणून जरा सविस्तर.

मार्क ७ म्हणजे पिंपाच्या आकाराचा डबा. आत सुमारे १३० किलो अमाटॉल हे स्फोटक. मधोमध आरपार नळी. नळीच्या एका तोंडातून प्रायमर (मुख्य स्फोटक उडवणारा छोटा स्फोटक भाग) घालायचा, दुसऱ्यातून जलदाबावर चालणारं पिस्तूल. पिस्तुलाच्या तोंडाशी वेगवेगळ्या आकाराची भोकं असतात, आणि किल्लीने त्यातलं कुठलं उघडं ठेवायचं ते ठरतं: ५०, १००, १५० फूट वगैरे. भोक मोठं तर पाणी लवकर भरतं, दाब लवकर चढतो, आघातक सुटतो. भोक लहान तर तितक्या वेळात डबा जास्त खोल गेलेला असतो. डबा सेकंदाला सात ते दहा फूट वेगाने खाली जातो, त्यावर हा सगळा हिशेब. 'सेफ'वर किल्ली असली की पाण्याची वाट बंद.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पिस्तुलाला डबा टाकलाय की जहाजासकट बुडतोय यातला फरक कळत नाही. कडेच्या रुळांवर ५० फुटांवर लावलेला डबा जहाजाबरोबर ५० फुटांच्या पुढेमागे गेला की फुटणार. दुसरी, सेफ करायचं तर प्रत्येक डब्याशी जाऊन हाताने किल्ली फिरवावी लागते, किंवा प्रायमर काढावा लागतो. सुरुवातीला एका कॉर्व्हेटवर ४० डबे असत, पुढे ६० च्या वर. साठवणीतले डबे सेफच असतात. प्रश्न रुळांवर आणि फेकयंत्रांवर तयार ठेवलेल्यांचा.

ते आधीपासून सेफ का ठेवत नाहीत? कारण पाणबुडी दिसते तीच मुळी जवळ आणि नुकतीच बुडी मारताना. तिच्यावर उथळ डबे तीस-चाळीस सेकंदांत गेले नाहीत तर संधी गेली. अंधारात, ओल्या डेकवर, हातमोजे घालून दहा किल्ल्या फिरवायला तेवढा वेळ नसतो. म्हणजे हल्ल्याची तयारी आणि स्वतःची सुरक्षितता यांत थेट विरोध. ताफ्याच्या कड्यावर हल्ल्याच्या तयारीचंच पारडं जड.

दोन उदाहरणं, दोन्ही कॅनडाची. ११ सप्टेंबर १९४२, सेंट लॉरेन्समध्ये काप-शाच्या जवळ 'शार्लटटाउन'ला यू-५१७ चे दोन टॉर्पेडो. चार मिनिटांत जहाज खाली. बहुतेक माणसं धडधाकट पाण्यात उतरली होती, आणि मग मागचे डबे फुटले. त्यातच बरेच जण दगावले. दुसरं, २२ फेब्रुवारी १९४३, जिब्राल्टरजवळ 'वेबर्न'. यू-११८ ने पेरलेला सुरुंग लागला. इथे जहाज लगेच बुडालं नाही, त्यामुळे प्रायमर काढायचं काम हाती घेतलं. पण पत्रा चेपून दोन डबे असे अडकले की त्यांचे प्रायमर निघेचनात. बाकीचे सगळे सेफ होऊनही त्या दोघांनी घात केला. पाण्यातली माणसं तर गेलीच, मदतीला लगत आलेल्या 'विव्हर्न' या विध्वंसिकेलाही इजा झाली. तेव्हा 'वेळ मिळाला असता तर' हे दरवेळी खरं ठरत नाही.

पाण्यातल्या माणसाला स्फोट कसा मारतो तेही लिहितो, कारण जखम बाहेरून दिसत नाही. दाबाची लाट शरीरातल्या पाणीदार भागातून सरळ निघून जाते. हवा असलेल्या जागी, म्हणजे फुप्फुसं आणि आतडी, तिथे ती अडते आणि फाडते. उभ्याने तरंगणाऱ्याची छाती-पोट पाण्यात असतं, त्याला सगळा मार. म्हणून उताणं पडून जितकं अंग पाण्याबाहेर ठेवता येईल तितकं ठेवा, अशी शिकवण देत. तराफ्यावर चढलेला माणूस बराच सुरक्षित.

---

आडबंदर

तराफ्याचं निघालंच आहे तर त्याबद्दल. 'तराफा' म्हटल्यावर फळकुटांचा सपाट तराफा डोळ्यांपुढे येतो. कार्ली तराफा तसा नव्हता. तांब्याची जाड नळी वाकवून लंबगोल कडं केलेलं, आत आडपडदे घालून नळीचे हवाबंद कप्पे, वर बुचाचं आवरण, त्यावर रंगवलेलं कॅनव्हास. मध्ये दोरीच्या जाळ्याला टांगलेली लाकडी जाळीची तळी. गोळ्या लागल्या तरी बुडत नाही, डेकवरून नुसता ढकलला तरी चालतो, उलटा पडला तरी वापरता येतो. युद्धनौकेसाठी हे सगळे गुण खरे.

दोष एकच, पण उत्तर अटलांटिकमध्ये तोच जीवघेणा. तळी पाण्यातच लोंबते. आत बसलेला माणूस मांड्यांपर्यंत, लाट आली की छातीपर्यंत पाण्यात. गर्दी झाली की बाकीचे बाहेरच्या दोरीला धरून पाण्यातच. त्या भागातलं फेब्रुवारीचं पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. तेवढ्या पाण्यात पूर्ण बुडालेल्या माणसाच्या बोटांतली पकड पहिल्या पाव-अर्ध्या तासातच जाते. दोरी धरून राहणं इच्छाशक्तीवर नाही, बोटांवर अवलंबून असतं. एकदोन तासांत शुद्ध हरपू लागते. ब्रिटिश नौदलाचा त्या वेळचा फुगवायचा पट्टा छातीभोवती रबरी नळीसारखा असायचा. शुद्ध गेली की तो मान वर धरत नाही, तोंड पाण्यात जातं. म्हणजे बुडून मेला असं दिसतं, पण मूळ कारण थंडी. १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या टॅलबट समितीने युद्धातल्या बुडालेल्या जहाजांचा आढावा घेतला तेव्हा हेच पुढे आलं: बहुसंख्य माणसं जहाजावर नाही, जहाज सोडल्यावर मेली.

या हिशेबाने बघितलं तर त्या आठांचं रात्र काढून जिवंत राहणं ही फार मोठी गोष्ट आहे. आणि धाग्याच्या मूळ प्रश्नाला इथेच महत्त्व येतं. जहाज गेल्याचं अर्ध्या तासात कळलं असतं तर पाण्यात असलेल्यांतले आणखी काही नक्की हाती लागले असते.

जाता जाता: शॅडफर्थने निघण्यापूर्वी, जानेवारीच्या अखेरीस, न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या नव्या अधिकारी क्लबाच्या जमिनीत एक भलामोठा खिळा ठोकला होता. जहाज गेल्यावर त्या खिळ्याभोवती पितळी कडं बसवलं. 'क्रोज नेस्ट' नावाने तो क्लब आजही आहे आणि खिळाही जपून ठेवलाय. सेंट जॉन्सला कोणी मराठी मंडळी असतील तर जरूर बघा.

---

दिवेआगर_७१

धागा वाचनखूण म्हणून साठवला. 'खुकरी'शी तुलना करता येईल का? ९ डिसेंबर १९७१, दीवपासून साधारण ४० मैलांवर, पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तीही लहान, पाणबुडीविरोधी आणि काही मिनिटांत बुडालेली.

---

तेलवाला_सारंग

बुडण्याच्या वेगाची तुलना होते, कळण्याची नाही. 'खुकरी'बरोबर 'किरपाण' होती, आणि 'खुकरी' गेल्याचं तिला त्याच क्षणी कळलं. दुसरं असं की 'खुकरी' ताफा सांभाळत नव्हती, पाणबुडीच्याच शोधात होती. म्हणून दोन्ही घटनांचे धडे वेगळे. ज्या समुद्रात आपल्या आस्डिकपेक्षा शत्रूच्या सोनारचा पल्ला मोठा, तिथे शोध घेणाराच सावज होतो, हा 'खुकरी'चा धडा. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे लिहू.

फ्लॉवर वर्गाचं आपल्याकडचं खरं नातं दुसरीकडे आहे. युद्ध संपतासंपता यातल्या काही कॉर्व्हेट रॉयल इंडियन नेव्हीकडे आल्या आणि त्यांना 'सिंध', 'आसाम', 'गोंडवाना', 'महरट्टा' अशी नावं मिळाली. 'महरट्टा' म्हणजे आधीची 'चारलॉक'. आणि या वर्गातली 'हॉलीहॉक' आपल्या शेजारच्याच पाण्यात गेली, ९ एप्रिल १९४२ ला श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआजवळ. त्याच दिवशी तिथेच 'हर्मीस' ही विमानवाहू नौकाही जपानी विमानांनी बुडवली, त्यामुळे 'हॉलीहॉक'चं नाव मागे पडलं.

---

सुरुंगपेटी

एक भर. ज्या यू-१३६ ने 'स्पाइकनार्ड' बुडवली तिने पाचच दिवस आधी, ५ फेब्रुवारीला, 'आर्ब्युटस' ही दुसरी फ्लॉवर कॉर्व्हेट आयर्लंडच्या पश्चिमेला बुडवली होती. रक्षक जहाजं सहसा ओघात सापडली म्हणून बुडत, पाणबुडीचं मुख्य लक्ष्य व्यापारी माल असे. एकाच फेरीत दोन कॉर्व्हेट हा प्रकार दुर्मीळ. तीच यू-१३६ जुलै १९४२ मध्ये मदीराच्या पश्चिमेला 'स्पे', 'पेलिकन' आणि मुक्त फ्रेंच 'लेओपार' यांनी मिळून बुडवली. तिच्यावरचं कोणीही वाचलं नाही.

---

उत्तरवारा

शेवटचा प्रश्न. २७१ रडार आणि टीबीएस आल्यावर असं गुपचूप नाहीसं होणं थांबलं का?

---

आडबंदर

ताफ्याच्या कड्यापुरतं बरंच. २७१ वर शेजाऱ्याचा ठिपका स्पष्ट राहतो, आणि टीबीएसवर बोलायला लांब पल्ल्याचं मौन मोडावं लागत नाही. शिवाय १९४२ च्या सुरुवातीपासून लिव्हरपूलच्या डावपेच केंद्रात कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी रात्रीच्या हल्ल्यावर 'रास्पबेरी'सारख्या ठरीव हालचाली बसवल्या. एका शब्दावर सगळे रक्षक ठरलेल्या दिशेला वळून प्रकाशगोळे उडवणार. अशा हालचालीत ज्याची जागा रिकामी तो लगेच उघडा पडतो. हेतू पाणबुडी पकडण्याचा होता, पण हजेरीही आपोआप व्हायची.

एकट्या गस्तीवर मात्र यातलं काही कामाचं नाही. याचा पुरावा 'शॉविनिगन'. नोव्हेंबर १९४४, युद्ध जवळपास जिंकलेलं, रडार उत्तम. कामगिरी साधी: केबट सामुद्रधुनीत कॅनडातल्या (नोव्हा स्कोशिया) सिडनी ते न्यूफाउंडलंडमधल्या पोर्ट-ओ-बास्क धावणाऱ्या 'बर्जियो' या प्रवासी बोटीची राखण. १९४२ मध्ये त्याच मार्गावर 'कॅरिबू' ही बोट यू-६९ ने बुडवली होती, म्हणून ही व्यवस्था. २४ तारखेला 'शॉविनिगन'ने 'बर्जियो'ला बंदरात पोचवलं आणि रात्रीच्या गस्तीला एकटी निघाली. सकाळी परतीच्या फेरीला भेटायचं ठरलेलं. रात्री यू-१२२८ ने आवाजाच्या रोखाने जाणारा टॉर्पेडो सोडला. ९१ पैकी एकही वाचला नाही. बघणारं, ऐकणारं कोणी नव्हतं.

सकाळी 'बर्जियो' ठरल्या जागी आली, राखणदार नाही. धुकं होतं, चुकामूक झाली असेल असं वाटणं साहजिक. बिनतारी मौनाचा नियम पाळून ती एकटीच निघाली आणि सिडनीला पोचल्यावरच बातमी फुटली. तोवर संध्याकाळ. शोधात एक तराफा, काही सामान आणि सहा मृतदेह मिळाले.

'बर्जियो'ने सकाळीच मौन मोडायला हवं होतं का? माझं मत, हो. राखणदार भेटीला न येणं हीच मुळात पाणबुडीची बातमी आहे. त्याने 'शॉविनिगन'ची माणसं वाचली नसती, नोव्हेंबरच्या त्या पाण्यात रात्र काढणं शक्य नव्हतं. पण पाणबुडी अजून जवळपास असताना विमानं आणि जहाजं दहा-बारा तास आधी निघाली असती. तो वेळ यू-१२२८ ला फुकट मिळाला. ती निसटली आणि मे १९४५ मध्ये अमेरिकेत पोर्ट्समथला शरण आली.